आत्तापुरतं माझ्या नावावर

माझा धाकटा भाऊ फेटे बांधतो आणि मी बाकी सगळं बघते. बाकी सगळं म्हणजे बुकिंग, कापडखरेदी, खळ, इस्त्री, टेम्पो, बिलं, आणि कोणत्या वरघोड्याला, म्हणजे नवरदेवाच्या वरातीला, कोणी किती वाजता पोचायचं ते. बडोद्यात लग्नाचा सीझन सुरू झाला की एका संध्याकाळी तीन ठिकाणी जानैये, वरपक्षाचे वऱ्हाडी, डोकी पुढे करून बसलेले असतात. त्या वेळी कोणीतरी यादी हातात घेऊन उभं राहावं लागतं. ती मी.

आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यातलं घरात आता काही उरलेलं नाही, फक्त फेटा बांधायचा हात उरला. वडील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कामाला होते, पण नात्यात लग्न असलं की सकाळपासून त्यांना बोलावणं यायचं. त्याचे पैसे कधी कोणी दिले नाहीत आणि त्यांनी मागितले नाहीत. नारळ आणि पहिल्या पंगतीचं पान, एवढा मान. भाऊ त्यांच्या शेजारी उभा राहून शिकला. मलाही त्यांनी एकदा शिकवून पाहिलं. माझा पीळ सरळ यायचा, पण फेटा डोक्यावर बसायचा नाही. ते म्हणाले, तू घड्या घाल. मी घड्या फार चांगल्या घालते.

भावाची नोकरी गेली तेव्हा हा धंदा करायचं मीच काढलं. मी तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात होते आणि कंटाळले होते. शहरातल्या वाडी भागात एक लहानसं दुकान भाड्याने घेतलं. तो तरसालीहून स्कूटरवर यायचा, मी वासण्याहून. गुजराती गिऱ्हाईक फेट्याला साफा म्हणतं, म्हणून पाटीवर दोन्ही शब्द लिहिले. पहिली काही वर्षं धंदा तसाच चालला, रोख, तोंडी, ओळखीवर. कोणी विचारलं की धंदा कोणाचा, तर दोघंही म्हणायचो, आमचा.

मग एक इव्हेंटवाला आला. मोठी लग्नं घेणारा. त्याला आमचं काम आवडलं होतं, पण त्याला पक्कं बिल हवं होतं, जीएसटी नंबरासकट, आणि पैसे फर्मच्या चालू खात्यातच टाकणार होता. सीझन तोंडावर होता. मी त्याच दिवशी कामाला लागले.

धंद्याची रूपं किती असतात हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. वहीत चार रकाने पाडले. एकल मालकी: सोपी, लवकर होते, मालक आणि धंदा कायद्याला एकच. भागीदारी: करारनामा, फर्मचं वेगळं पॅन, दोघांच्या सह्या, दोघांची जबाबदारी. एलएलपी: भागीदारीसारखीच, पण धंदा बुडाला तर सहसा घरापर्यंत कोणी येत नाही, दरवर्षी सरकारला विवरणपत्रं. प्रायव्हेट लिमिटेड: ऑडिट, सभा, ठराव. मी हे भावाला वाचून दाखवत होते आणि तो एका निळ्या मलमलीला खळ देत होता.

"फेटा सुटला तर नवरदेव कोर्टात जाणार आहे का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, प्रश्न तो नाही.

"आणि लिमिटेड म्हणजे किती डोकी?"

मी प्रायव्हेट लिमिटेडवर काट मारली. एलएलपीवरही मारली. उरले दोन.

आमचे सी.ए. रावपुऱ्यात बसतात. वयस्कर गुजराती गृहस्थ, बोलतात कमी. भावाला शेजारी बसवून मी माझे रकाने त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते पाहिलेसुद्धा नाहीत. एवढंच विचारलं, "बेन, धंदो कोनो छे?" धंदा कोणाचा आहे?

मी म्हटलं, आम्हा दोघांचा.

"तो भागीदारी करो," मग भागीदारी करा, ते म्हणाले, आणि दुसरी फाइल ओढली. त्यांच्या मते विषय संपला होता.

अडचण निघाली ती नावात. गुजरातेत शाळेपासून आडनाव आधी लिहितात. आम्ही घरी मराठी पद्धतीने नाव आधी लिहितो. भावाच्या पॅनवर आडनाव हेच पहिलं नाव होऊन बसलं होतं, आधारवर वडिलांचं नाव मधे घुसलं होतं, आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर दोन्हीकडे निराळं, कारण एकीकडे ते गुजरातीतून उतरवलं होतं आणि दुसरीकडे मराठीतून. संगणकाच्या दृष्टीने ती दोन माणसं होती. दुरुस्ती करता येते, पण वेळ लागतो. माझं लग्नानंतर सगळं नव्याने झालेलं, त्यामुळे माझे कागद एकमेकांशी जुळत होते.

सी.ए. म्हणाले, थांबा. महिना-दोन महिने जातील, जाऊ देत.

मी हिशेब केला की तोवर इव्हेंटवाला दुसरीकडे जाईल. खुर्चीतच वळून मी भावाला म्हटलं, "आत्तापुरतं माझ्या नावावर करू. सीझन संपला की तुझे कागद नीट करून भागीदारी करू."

तो म्हणाला, "चालशे, ताई."

अशी मी प्रोप्रायटर झाले. नंबर लवकर आला, खातं उघडलं, इव्हेंटवाल्याचं काम मिळालं, आणि त्याच्यामागून दोन हॉटेलांचं. मी केलेलं नियोजन बरोबर ठरलं. हे मी आजही म्हणते, आणि म्हणताना मला बरं वाटत नाही.

सीझन संपला. भावाच्या आधारची दुरुस्ती मी करून घेतली, पॅनचीही. ते काम माझ्या यादीत होतं आणि माझ्या यादीतली कामं होतात. पण पुढचं काम, भागीदारी, लिहायला बसले तेव्हा त्याच्याखाली आणखी ओळी येत गेल्या. फर्म बदलली की पॅन नवं, जीएसटी नंबर नवा, खातं नवं. हॉटेलांकडे पुरवठादार म्हणून पुन्हा नोंदणी. बिलबुकं, शिक्के, कार्डं. एवढं सगळं कशासाठी, असं मला वाटलं. चालू गाडीचं चाक कोण बदलतं? पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी आणखी हॉटेलं जोडली गेली होती आणि यादी आणखी लांबली होती.

एकल मालकीत नफ्यात दुसऱ्याचा भाग नसतो. म्हणून भावाला जे मिळायचं ते कागदावर पगार म्हणून दाखवावं लागलं. मी निम्मं मोजून द्यायचे, त्यात कधी इकडचं तिकडे केलं नाही, आणि यामुळेच मला कधी टोचलं नाही. पैसे बरोबर जात होते ना. पगाराचा तक्ता सी.ए.च्या ऑफिसातून छापून यायचा. त्यात खळ देणाऱ्या बाई, इस्त्रीवाले काका आणि माझा भाऊ. वर्गवारीच्या रकान्यात तिघांपुढे एकच गुजराती शब्द, कारीगर. तो त्यावर सही करायचा. एकदा ते वाचून हसला आणि म्हणाला, खोटं काय आहे, हातानेच तर करतो. मीही हसले आणि तक्ता फाइलला लावला.

मग भाचीचं लग्न जमवायची वेळ आली.

भाची, म्हणजे भावाची एकुलती एक मुलगी, फिजिओथेरपिस्ट आहे. तिचा बायोडाटा मीच टाइप केला, कारण घरात असली कामं मीच करते. वडिलांचा व्यवसाय या ओळीत मी "स्वतःचा व्यवसाय (पारंपरिक फेटे)" असं लिहिलं. लिहिताना मला अडखळायला झालं नाही. माझ्या मनात तो त्याचाच होता.

एक स्थळ बडोद्यातलंच आलं. मुलगा चांगला, भाचीला आवडलेला. त्याचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, आजोबा शिक्षक, वडील बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. अशी घरं आणि आमची घरं एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत, एकमेकांच्या गणपतीला जातात, पण त्यांच्याकडे पुस्तकं होती आणि आमच्याकडे घोडे, ही गोष्ट दोन्हीकडचे विसरत नाहीत. ते लोक बघायला तरसालीला भावाच्या घरी येणार होते. काय करायचं, काय नाही, याची यादी मी भावजयीला दिली होती. पोहे नकोत, ते सगळीकडे असतात. सुरळीच्या वड्या कर. भावाला म्हटलं, इस्त्रीचा शर्ट घाल आणि हाताची खळ नीट धू.

बैठक चांगली चालली होती. मुलगा आणि भाची गच्चीवर गेले होते. मुलाचे वडील स्वच्छ मराठी बोलणारे, हसतमुख. फेट्याविषयी त्यांनी मनापासून विचारलं. किती प्रकार, कापड कुठून येतं. भाऊ खुलून सांगत होता. मग ते म्हणाले, "आणि फर्म कशी आहे आपली? पार्टनरशिप की प्रोप्रायटरी?"

बँकेत आयुष्य गेलेला माणूस. त्यात खोचकपणा नव्हता. दुसरा कोणी हवापाण्याविषयी विचारतो तसं ते विचारत होते.

भाऊ म्हणाला, "प्रोप्रायटरी. ताईच्या नावावर आहे."

"अस्सं. आणि आपण?"

"ती हिशेब सांभाळते, मी डोकी सांभाळतो."

सगळे हसले. तेही हसले, पण त्यांचा प्रश्न अजून हवेत होता, आणि सवयीनेच त्यांनी तो पुरा केला. "म्हणजे कागदोपत्री आपण पगारावर?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनंती नव्हती. कापडाचा भाव विचारला की तो माझ्याकडे बघतो, तसंच. उत्तर माझ्या खात्यातलं होतं.

त्या क्षणी म्हणता येण्यासारख्या गोष्टी पुष्कळ होत्या. धंदा दोघांचा आहे. कागदाचं सोडा. त्याच्याशिवाय दुकान एक दिवस चालायचं नाही. यातलं काहीही खोटं नव्हतं. पण माझ्या डोक्यात आलं ते असं की समोर बँकेचा माणूस आहे, आणि आता चुकीचं काही सांगितलं आणि पुढे निघालं, तर ते वाईट दिसेल. मी अचूक उत्तर दिलं.

"कागदावर तसंच आहे," मी म्हटलं.

"हां, हां. असतं तसं पुष्कळदा," ते म्हणाले आणि सुरळीची वडी उचलली. भावजय आतून पाण्याचे पेले घेऊन येत होती, ती दारातच क्षणभर थांबली. भाऊ त्यानंतरही बोलला, हसला, त्यांना खाली गाडीपर्यंत सोडायला गेला. फक्त फेट्याविषयी पुन्हा बोलला नाही.

ते गेल्यावर मी कपबश्या विसळायला घेतल्या. भावजय शेजारी उभी राहून पुसत होती. तिला माझ्याशी वर मान करून बोलायची सवय नाही, आणि मी तशी वेळही येऊ देत नाही. बोलण्याआधीच मी पुढचं काम सांगितलेलं असतं. त्या दिवशी ती बोलली.

"ताई, बायोडाटा तुम्हीच टाइप केला होता."

एवढंच. मी म्हटलं, हो. आणि नळ बंद केला.

घरी जाताना रिक्षात मला "चालशे" हा शब्द आठवला. बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आम्ही घरात मराठी बोलतो. दुकानात गिऱ्हाइकाशी गुजराती. माझा भाऊ आईशी, बायकोशी, माझ्याशी म्हणतो "चालेल". म्हणजे त्याला ते खरंच चालणार असतं. नसलं तर "नाही चालणार" असं तोंडावर म्हणतो आणि भांडतो. "चालशे" तो गिऱ्हाइकाला म्हणतो. ज्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, ज्याची मर्जी राखायची आहे, ज्याने आधीच ठरवलेलं आहे, त्याला. रावपुऱ्यात त्या दिवशी सगळं बोलणं गुजरातीत चाललं होतं, म्हणून तोही ओघात गुजरातीत बोलला असेल, असं मी स्वतःला सांगू शकले असते. पण मी त्याला विचारलं होतं ते मराठीत. आणि त्याने शेवटी "ताई" म्हटलं होतं.

मला ते तेव्हा ऐकू आलं नाही, असं मी म्हणणार नाही. मला उत्तर हवं होतं आणि ते मिळालं होतं. कोणत्या भाषेत मिळालं ते बघायला मी थांबले नाही.

चार दिवसांनी मुलाच्या वडिलांचा फोन आला. मुलगी पसंत आहे, पुढे जाऊया. फोन मला आला. मी आनंदाने हो म्हटलं. मग त्यांनी हॉलचं विचारलं, मी डायरी उघडली आणि तीन हॉल सांगितले, कुठला कधी मोकळा असतो, कुठल्या हॉलमध्ये वरघोड्याला रस्ता पुरतो. त्यांनी देण्याघेण्याचं काही नाही असं सांगितलं, मी आभार मानले. पाहुणे किती, जेवण कोणत्या पद्धतीचं, सगळं बोलून झालं. फोन ठेवताना ते म्हणाले, "निर्णय तुम्हीच घेता हे लक्षात आलं होतं, म्हणून तुम्हालाच केला."

फोन ठेवल्यावर मी डायरीकडे बघत बसले. मुलीच्या बापाला ठाऊक नसताना त्याच्या मुलीच्या लग्नाचं निम्मं मी ठरवून टाकलं होतं, आणि शेवटचं वाक्य येईपर्यंत माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

मी भावाला फोन केला आणि पसंतीचं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी तुला केला होय." मी म्हटलं, माझा नंबर कार्डावर आहे म्हणून असेल. हे खोटं होतं, आणि अचूकपणाची मला त्या वेळी काही आठवण झाली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी सी.ए.कडे गेले. भागीदारी करायची, लगेच. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मसुदा करून दिला. दोघांचा भाग सारखा, बँकेत कोणाही एकाची सही चालेल, माझा धंदा नव्या फर्मने जसाच्या तसा घेतला असं कलम. मी तो वाडीत दुकानावर घेऊन गेले. हॉटेलांना नवा नंबर कळवायची पत्रंसुद्धा तयार ठेवली होती. जे काम इतकी वर्षं फार मोठं आहे म्हणून राहिलं होतं, ते दोन दिवसांत झालं होतं.

भावाने कागद वाचले. सगळे. तो कधी कागद वाचत नाही.

"आता नको," तो म्हणाला.

मी विचारलं, का?

"आता केलं तर ते त्यांना दाखवायला केल्यासारखं होईल. उद्या व्याही म्हणतील, आम्ही विचारलं म्हणून यांनी ह्याला मालक केला. लग्न होऊ दे, मग कर."

मी म्हटलं, तोवर तू त्यांच्या नजरेत पगारावरच राहशील.

"लग्नात मी मुलीचा बाप म्हणून उभा राहणार आहे, ताई. त्याला जीएसटी लागत नाही."

तो हसला. मी हसू शकले नाही. मी आणखी तीन मुद्दे मांडले, चांगले मुद्दे होते, आणि तो एकेकाला मान हलवत राहिला. मग गिऱ्हाईक आलं म्हणून उठला. मी कागद परत पिशवीत घातले. जी गोष्ट मला हवी तेव्हा एका दुपारी झाली होती, ती आता माझ्या म्हणण्यावर होणार नव्हती, आणि हे त्याने आवाज न चढवता ठरवलं होतं. मला त्याचा राग आला. गिऱ्हाईक समोर असताना तो कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी कपाट आवरलं.

लग्नापर्यंत मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. मुलाच्या वडिलांचा फोन आला की म्हणायचं, भावाला विचारा. पहिल्यांदा ते म्हणाले, बरं. दुसऱ्यांदा म्हणाले, अहो, तुम्ही सांगितलंत तरी चालेल. तिसऱ्यांदा त्यांनी मला विचारलं, काही नाराजी आहे का? मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, तसं काही नाही, माझी जरा धावपळ आहे.

लग्न चांगलं झालं. वरपक्षाचे सगळे फेटे भावाने स्वतः बांधले. मदतीला माणसं होती, तरी प्रत्येक शेवट त्याने स्वतःच्या हाताने खोचला. व्याह्यांना फेटा बांधताना मी थोड्या अंतरावर होते. ते डोळे मिटून बसले होते, आणि भाऊ त्यांच्याभोवती फिरत होता, हनुवटीला बोट लावून मान सरळ करत होता. दोघं काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही. जवळ जाऊन ऐकावं असं वाटलं, गेले नाही.

लग्नानंतर करारनाम्यावर सह्या झाल्या. नवा नंबर आला, नवं खातं, नवी बिलबुकं. हॉटेलांनी काही खळखळ केली नाही; एका ईमेलमध्ये काम झालं. पगाराच्या तक्त्यात आता दोनच नावं आहेत. व्याह्यांना मी मुद्दाम सांगितलं, त्यांनी अभिनंदन केलं, आणि परवा त्यांच्या कोणा नातेवाइकाच्या मुंजीसाठी फेटे हवे होते तर फोन मलाच केला.

कालची गोष्ट. मी दुकानाच्या आतल्या बाजूला कापडाचे गठ्ठे मोजत होते. बाहेर एक जोडपं आलं, मुलाच्या लग्नासाठी. बोलणं गुजरातीत चाललं होतं. भाऊ त्यांना बांधणी दाखवत होता, मग जरीकाठी; कोणत्या रंगाने चेहरा उजळ दिसतो ते सांगत होता. त्या बाई खूश होत्या. मग त्यांच्या नवऱ्याने भाव विचारला, आणि एवढे घेतले तर काही कमी होईल का ते.

भाव भावाला पाठ आहे. कमी किती करायचं हेही आता त्याच्याच हातात आहे, करारनाम्यात तसं लिहिलंय, मीच लिहवून घेतलंय. मी गठ्ठा तसाच धरून उभी राहिले आणि दाराकडे पाठ केली, म्हणजे त्याने वळून पाहिलं तर मी दिसणार नाही असं नाही, पण माझा चेहरा दिसणार नाही.

बाहेर कापडाची घडी घातल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बेनने पूछीने कहुं."

बहिणीला विचारून सांगतो. आणि आत आला.